माशांच्या टाकीचा कंट्रोलर : लावण्याआधी काय ठरवायचं?
(कम्युनिटी रेडिओवर झालेलं भाषण)

आम्ही कन्हेरीच्या महिला बचत गटातल्या बायका. आज आम्ही घरातल्या माशांच्या टाकीला लावायच्या कंट्रोलरबद्दल बोलणार आहोत. मध्ये मध्ये आकडे येतील, म्हणून वही-पेन जवळ घेऊन बसा.

आमच्यातल्या काही जणी घरात काचेच्या टाकीत गप्पी, मॉली, एंजल असे मासे सांभाळतात. दोघी-तिघी पिल्लं वाढवून बारामतीच्या दुकानात देतात. टाकी शंभर लिटरची. तिच्यात मासे, खाद्य आणि वीजबिल मिळून गटाच्या कर्जातला पैसा गुंतलेला असतो. एका रात्रीत टाकी गेली तर हप्ता मात्र चुकत नाही. म्हणून हा विषय हौसेपुरता नाही.

कंट्रोलर हा शब्द नवा वाटेल, पण वस्तू ओळखीची आहे. विहिरीवरच्या मोटारीला आपण ‘ऑटो’ बसवतो. लाइट आली की मोटार आपोआप सुरू होते. इस्त्री तापली की दिवा जातो, गार झाली की परत लागतो. डेअरीत दुधाच्या टाकीला गार ठेवणारं यंत्र ठरलेल्या अंशावर आपोआप थांबतं. आपल्या बारामतीत ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या शेतावर उसात सेन्सर लावून पाणी-खताचा अंदाज घेण्याचा प्रयोगही झाला आहे. माशांच्या टाकीचा कंट्रोलर याच जातीचा, फक्त लहान. एक सेन्सर पाण्यात असतो, तो पाणी किती गरम-गार ते सांगतो. डबी ते वाचते आणि हीटर किंवा पंखा चालू-बंद करते. एवढंच त्याचं काम.

आता तो लागतो कशाला? आपल्या अंगाची ऊब आपलं अंगच राखतं. माशाचं तसं नसतं. पाणी जितकं गार, तितका मासा गार. आपल्याकडे थंडीत पहाटे पारा दहा-बारा अंशांवर येतो आणि उन्हाळ्यात दुपारी चाळीसच्या आसपास जातो. गप्पी, मॉली, एंजल यांना साधारण २४ ते २८ अंश पाणी मानवतं. पाणी एकदम गारठलं की मासे कोपऱ्यात बसतात, खात नाहीत आणि अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके येतात. तो रोग एका माशावरून टाकीभर पसरतो. उन्हाळ्यात त्रास दुसरा. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांच्या एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना तो साडेसातवर येतो. म्हणून मे महिन्यात मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात.

एक गोष्ट इथंच सांगतो. गोल्डफिशला हीटर लागत नाही, त्याला गारवाच आवडतो. गोल्डफिश आणि एंजल एका टाकीत ठेवून कोणताही कंट्रोलर दोघांना खूश ठेवू शकत नाही. आधी मासे एका स्वभावाचे निवडा.

आता आमचा मुख्य मुद्दा. कंट्रोलर घेताना सगळे विचारतात, ‘हा काय काय करतो?’ आम्ही म्हणतो, आधी विचारा, ‘हा बिघडला तर काय होईल?’ कारण यंत्राला मासे दिसत नाहीत. त्याला फक्त सेन्सर काय सांगतो ते कळतं. सेन्सर पाण्यातून निसटून बाहेर पडला, तर तो खोलीची थंडी सांगतो. यंत्र समजतं, पाणीच गार आहे. ते हीटर चालू ठेवतं, रात्रभर. सकाळी टाकीतलं पाणी माशांना सोसणार नाही इतकं तापलेलं असू शकतं. म्हणजे ज्या वस्तूनं मासे वाचवायचे, तीच त्यांना मारू शकते. बिघाड कोणते होऊ शकतात ते आधी ठरवून त्यांचा बंदोबस्त केला, तर कंट्रोलरसारखा राखणदार नाही.

पहिली गोष्ट विजेची. पाणी आणि वीज एका जागी आली की माशांच्या आधी माणसाचा विचार करायचा. अशा कंट्रोलरच्या मागे तारा जोडायचे स्क्रू उघडे असतात आणि त्यात घरातला पूर्ण २३० व्होल्टचा प्रवाह असतो. म्हणून जोडणी वायरमनकडूनच करून घ्या. डबी प्लास्टिकच्या बंद खोक्यात बसवून घ्या. खोकं टाकीच्या वर किंवा खाली नको, बाजूच्या भिंतीवर हवं. बोर्डाला अर्थिंग खरोखर आहे का, ते तपासून घ्या. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. काही वायरमन त्याला ईएलसीबी म्हणतात. घरात एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. एमसीबी तारा जळू नयेत म्हणून असतो. वीज माणसाच्या अंगातून जायला लागली, तर लगेच तोडण्याचं काम आरसीसीबी करतो. त्याच्यावर तपासणीचं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं, खटका पडला पाहिजे. आम्ही ते गटाच्या मासिक बैठकीच्या दिवशी करतो, म्हणजे विसरत नाही.

तारेला प्लगच्या आधी खाली झोळ सोडा. हीटरची तार टाकीतून वर येते आणि तिच्यावरून पाण्याचे थेंब ओघळतात. झोळ असला तर थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतात, प्लगपर्यंत पोचत नाहीत. आणि टाकीत हात घालण्याआधी हीटरचा प्लग काढायचाच. यात घाईला जागा नाही, लहान मुलांनाही हेच शिकवा.

दुसरी गोष्ट हवेची. टाकीत बुडबुडे सोडणारा पंप कंट्रोलरवर कधीच जोडू नका. तो थेट बोर्डावर, चोवीस तास चालू. लाइट गेल्यावर पाणी गार व्हायला वेळ लागतो, पण दाटीच्या टाकीत हवा थांबली तर मासे काही तासांतच गुदमरतात. घरात इन्व्हर्टर असेल तर हवेचा पंप त्याच्यावर घ्या. लहान पंप चार-पाच वॉटचा असतो, इन्व्हर्टरला तो जाणवतही नाही. हीटर मात्र इन्व्हर्टरवर घेऊ नका, बॅटरी लवकर बसेल. इन्व्हर्टर नसेल तर लाइट गेली की आपोआप सुरू होणारा बॅटरीचा पंप मिळतो, तो ठेवा. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवायचा. खाली ठेवला तर लाइट गेल्यावर टाकीतलं पाणी नळीतून उलटं पंपात येतं. उंच ठेवायला जागा नसेल तर नळीत पाणी अडवणारा छोटा व्हॉल्व्ह बसवा, तो दुकानात स्वस्तात मिळतो.

तिसरी गोष्ट हीटरची. हिशेब सोपा आहे : एका लिटरला एक वॉट. शंभर लिटरच्या टाकीला शंभर वॉट. मोठा हीटर घेऊ नका. शंभर वॉटच्या हीटरला शंभर लिटर पाणी एका अंशानं तापवायला एक तास दहा मिनिटं तरी लागतात. हा सावकाशपणा आपल्या फायद्याचा आहे. काही बिघडलं तरी पाणी हळूहळू तापतं आणि आपल्याला कळायला वेळ मिळतो. तीनशे वॉटचा हीटर लावला तर तेच पाणी तिप्पट वेगानं तापेल. बिलाचं म्हणाल तर शंभर वॉटचा हीटर दहा तास चालला की एक युनिट. थंडीच्या रात्रींचा खर्च यावरून तुमचा तुम्हीच काढा.

आता दोन कुलपांची गोष्ट. तिजोरीला एक आणि खोलीला एक कुलूप असतं, तसं हीटरलाही दोन लावा. हीटर असा घ्या, ज्याला स्वतःचं अंश ठरवायचं बटण आहे. कंट्रोलर २५ वर ठेवला तर हीटरचं बटण २७ वर ठेवा. रोज काम कंट्रोलर करील. तो बिघडून हीटर चालूच राहिला, तर हीटर स्वतः २७ ला थांबेल. गेल्या थंडीत आमच्यातल्या एकीच्या घरी हे प्रत्यक्ष घडलं. पहाटे लाइट चार-पाच वेळा आली-गेली. कंट्रोलरच्या आतला रिले, म्हणजे चालू-बंद करणारा खटका, चिकटून बसला. डबीवर हीटर बंद दिसत होता आणि पाण्यात तो चालू होता. सकाळी पाणी २७ अंशांवर होतं, एकही मासा गेला नव्हता. दुसरं कुलूप नसतं तर आज हे वेगळ्या तोंडानं सांगावं लागलं असतं.

स्वस्त हीटरच्या बटणावरचे आकडे नेहमी बरोबर असतात असं नाही. म्हणून मासे सोडण्याआधी हीटर एकटाच दिवसभर चालवा आणि काचेच्या थर्मामीटरवर बघा, तो नेमका किती अंशांना थांबतो. तो आकडा खरा धरा.

आता कंट्रोलरचं सेटिंग. बाजारात एसटीसी-१००० नावाची डबी सहज मिळते. इतर डब्याही साधारण अशाच चालतात. तिला दोन वाटा असतात, एक तापवायची आणि एक गार करायची. तापवायच्या वाटेवर हीटर, गार करायच्या वाटेवर छोटा पंखा. एस लिहिलेलं बटण तीन सेकंद दाबून धरलं की सेटिंग उघडतं. त्यात चार खाती असतात. वहीत लिहून घ्या.

एफ१ : आपल्याला हवे असलेले अंश.
एफ२ : फरक. एफ१ जर २५ आणि एफ२ जर १, तर पाणी २४ ला आलं की हीटर लागतो आणि २५ ला थांबतो. पाणी २६ ला गेलं की पंखा लागतो आणि २५ ला थांबतो. फरक फार कमी ठेवला तर खटका सारखा चालू-बंद होऊन लवकर झिजतो. आम्ही एक अंश ठेवतो.
एफ३ : गार करायच्या यंत्राला मध्ये किती मिनिटं विश्रांती. हे फ्रिजसारख्या यंत्रासाठी आहे. पंख्याला एक मिनिट पुरे.
एफ४ : सेन्सरची चूक दुरुस्त करायची जागा.

आकडा बदलून झाला की तो जतन करायला चालू-बंदचं बटण एकदा दाबायचं. नाहीतर थोड्या वेळानं जुनाच आकडा परत येतो.

एफ४ साठी घरच्या घरी तपासणी करता येते. पेल्यात बर्फाचा चुरा घ्या, बुडेल इतकंच पाणी घाला आणि ढवळा. सेन्सर त्यात पाच मिनिटं धरा. वितळत्या बर्फाचं पाणी शून्य अंशाचं असतं. डबीनं एक दाखवलं, तर एफ४ मध्ये उणे एक टाका. आपला आकडा खरा झाला.

सेन्सर कुठं लावायचा? हीटरपासून लांब, टाकीच्या दुसऱ्या टोकाला, तळाच्या बाजूला. हीटरला चिकटवला तर त्याला फक्त हीटरची ऊब कळेल आणि टाकीचं दुसरं टोक गार राहील. रबरी चकती काही महिन्यांनी कडक होऊन सुटते, म्हणून तिच्यावर विसंबू नका. तार वर काठाला चिमट्यानं पक्की करा, म्हणजे चकती सुटली तरी सेन्सर पाण्यातच राहील. पाणी बदलताना पातळी खाली जाते आणि सेन्सर उघडा पडतो. अशा वेळी हीटरचा प्लग आधीच काढलेला असला पाहिजे. उघड्यावर तापलेल्या हीटरची काच गार पाणी पडलं की तडकते.

उन्हाळ्याचं सांगतो. टाकी गार करायला महागडं यंत्र लागत नाही. माठातलं पाणी गार कसं होतं? झिरपून वाळतं, आणि वाळताना उष्णता घेऊन जातं. टाकीच्या पाण्यावर तिरका पंखा सोडला की तेच होतं. आपली हवा उन्हाळ्यात कोरडी असते, त्यामुळे पाणी दोन-तीन अंशांनी सहज उतरतं. मात्र टाकीतलं पाणी रोज कमी होतं. ते भरताना लक्षात ठेवा, वाळून जातं ते पाणी, क्षार मागेच राहतात. बोअरचं क्षाराचं पाणी पुन्हा पुन्हा ओतलं तर टाकी खारट होत जाते. वाळलेल्याची भर गोड्या किंवा फिल्टरच्या पाण्यानं करा आणि आठवड्याला थोडं पाणी काढून बदला. बर्फाचे खडे मात्र टाकू नका, त्या धक्क्यानं मासे आजारी पडतात.

वर्षातून दोनदा सेटिंग बदलायचं. दिवाळीनंतर एफ१ ला २५. होळीनंतर २८, म्हणजे २९ ला पंखा लागेल, आणि हीटरचा प्लग काढून ठेवायचा. बदल एका दिवसात नको, रोज एक अंश.

नळाच्या पाण्यात ग्रामपंचायत टीसीएल टाकते. ते आपल्यासाठी चांगलं, माशांसाठी विषारी. नवं पाणी बादलीत हवेचा पंप सोडून एक दिवस ठेवा, मगच टाकीत घाला.

सगळं जोडून झालं की मासे सोडण्याआधी चार परीक्षा घ्या, त्याही दिवसा, आपल्या डोळ्यांसमोर. एक, सेन्सर गार पाण्याच्या पेल्यात धरा, हीटर लागला पाहिजे. दोन, कोमट पाण्यात धरा, हीटर थांबून पंखा लागला पाहिजे. तीन, मेन स्विच अर्धा तास बंद करा. हवेचा बॅटरी पंप सुरू झाला का, नळीतून पाणी उलटं आलं का, लाइट आल्यावर सेटिंग तेच राहिलं का, ते बघा. दिव्याला टायमर असेल तर त्याचं घड्याळ मागे पडलं का, तेही बघा. चावीसारखा फिरणारा टायमर लाइट जाईल तितका मागे पडतो. दिवा आठ तास पुरे, जास्त ठेवला तर शेवाळ माजतं. चार, आरसीसीबीचं बटण. चारही परीक्षांत पास झाला, तरच राखणदार कामावर घ्यायचा.

थंडीत रात्री लांब वेळ लाइट गेली तर घाबरू नका. टाकीच्या चारही बाजूंनी गोधडी गुंडाळा, वरचं तोंड मोकळं ठेवा. शंभर लिटर पाणी लगेच गारठत नाही, गोधडीनं ते आणखी तग धरतं. त्या रात्री खाद्य घालू नका.

कंट्रोलरला जे दिसत नाही, तेही सांगायला हवं. माशांची घाण आणि उरलेलं खाद्य कुजून पाण्यात अमोनिया तयार होतो. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं आणि मासे मरतात. ती घाण पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून नव्या टाकीत सुरुवातीला चार-पाचच मासे सोडा. खाद्य दोन मिनिटांत संपेल इतकंच. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा, नाहीतर ते जिवाणूच मरतात. पैसा खर्चून यंत्र आणलं आणि खाद्य मुठीनं टाकलं, तर यंत्राचा काही उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट आम्ही गटात नियम म्हणून ठेवली आहे. सेटिंग घरातल्या एकालाच येतं असं नको. बहुतेक घरांत ते मुलाला येतं. मुलगा पुण्याला कॉलेजला जातो आणि टाकी सांभाळणारी आई त्या डबीला हात लावायला भिते. मग आकडे लुकलुकत असतात आणि ती फोनची वाट बघत बसते. आमचा नियम असा : ज्या घरात टाकी, त्या घरातल्या बाईनं एफ१ पासून एफ४ पर्यंतचे आकडे स्वतः दोनदा बदलून दाखवायचे. सासूबाईंनी किंवा मुलीनंही शिकून घ्यायचं. चारही आकडे कागदावर लिहून टाकीजवळ चिकटवायचे. आणि वहीत रोज सकाळ-संध्याकाळ दोन नोंदी : डबीवरचा आकडा आणि काचेच्या थर्मामीटरवरचा आकडा. दोन आकड्यांत अंतर पडायला लागलं की समजायचं, सेन्सर म्हातारा झाला. शाळेत न गेलेल्या आमच्यातल्या एक काकू आकडे तेवढे ओळखतात, पण सगळ्यांत बिनचूक वही त्यांचीच असते.

ज्यांना टाकीवरून पुढे व्यवसायाकडे जायचं आहे, त्यांच्यासाठी थोडं. केंद्र सरकारची प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० मध्ये सुरू झाली. तिच्यात परसातल्या शोभिवंत मासे संगोपनाचा समावेश केलेला आहे. योजनेत महिलांना ६० टक्के आणि सर्वसाधारण गटाला ४० टक्के अनुदानाची तरतूद आहे. सध्या अर्ज चालू आहेत का आणि कागदपत्रं कोणती लागतात, हे पुण्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात विचारूनच पुढचा खर्च करा. सिंधुदुर्गात कुडाळ तालुक्यात मुळदे इथं कोकण कृषी विद्यापीठाचं केंद्र शोभिवंत माशांवर काम करतं. जमलं तर गटानं एकदा जाऊन ते बघावं. पण आमचं मत असं, की आधी एका टाकीचा एक उन्हाळा आणि एक हिवाळा काढा. वही भरली की मग दहा टाक्यांचा विचार.

कन्हेरीत कुणाला टाकी बघायची असेल, चार परीक्षा आपल्या हातानं घेऊन बघायच्या असतील, तर गटाच्या बैठकीच्या दिवशी जरूर या. येताना आपली वही आणा. तुमच्या भागातलं पाणी वेगळं असेल, तुमची अडचणही वेगळी असेल, ती आम्हालाही कळली पाहिजे.